संहिता तालमीत पिकते: शॉर्ट फिल्ममधले लेखक, नट आणि दिग्दर्शक

विट्याहून एका लेखकानं विचारलं आहे. तिघांनी मिळून बारा मिनिटांची एक शॉर्ट फिल्म केली. लेखन यांचं, दिग्दर्शन मित्राचं, आणि मुख्य भूमिकेत राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलेल्या एक ताई. शूटिंगच्या दिवशी ताईंनी संवाद आपल्या पद्धतीनं म्हटले, दिग्दर्शकानं शेवट बदलला, आणि लेखकाला हे सगळं फिल्म दाखवली तेव्हाच कळलं. आता दुसरी करायची आहे, पण तिघं एकमेकांशी जपून बोलतात. प्रश्न असा आहे: कुणी कुठं थांबायचं?

मी सांगलीत गेली अठरा वर्षं हे काम करतो. आधी नाटक केलं, मग कॅमेरा हातात आला. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. थांबायची रेघ आखत बसू नका, तालमीचे दिवस वाढवा. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, पण त्यात वाचनाचा किंवा तालमीचा एकदाही उल्लेख नाही. संहिता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तारीख ठरली, आणि नट-दिग्दर्शक थेट लोकेशनवर भेटले, असं दिसतं. मग भांडण होणारच. कारण ज्या गोष्टी आठ दिवस आधी चहा पिता पिता बोलून झाल्या असत्या, त्या उन्हं उतरत असताना, कॅमेऱ्याचं भाडं चालू असताना, तुमच्या माघारी ठरल्या.

आपल्या भागात एकांकिकेलासुद्धा महिना-दीड महिना तालीम करतात. कामधंदा उरकून लोक रोज संध्याकाळी शाळेच्या एखाद्या वर्गात जमतात, बाकडी बाजूला सारतात आणि रात्री दहापर्यंत राबतात. तीच माणसं कॅमेरा आला की एक दिवसही तालीम करत नाहीत. विचारलं तर सांगतात, कॅमेऱ्यात परत घेता येतं. हा समज फार महागात पडतो. नाटक दुसऱ्या प्रयोगाला सुधारतं, दहाव्याला आणखी सुधारतं. फिल्मला शूटिंग संपलं की दुसरा प्रयोग नाही. तालमीची गरज फिल्मला जास्त आहे.

आणि हे सांगलीनं तर कुणाकडून शिकायलाच नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं नाटक उभं केलं, तेव्हा पात्रांच्या हातात आजच्यासारखे लिहून दिलेले संवाद नव्हते. सूत्रधार पदं म्हणायचा आणि त्या कथाभागाला धरून नट आपली भाषणं स्वतः करायचे. म्हणजे कथेचा सांगाडा एकाचा आणि बोलणं दुसऱ्याचं. पुढं हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आले. ते जितके नाटककार होते तितकेच नावाजलेले तालीम मास्तर होते. वाक्य लिहिणारा माणूसच नटासमोर उभा राहून ते वाक्य कुठं तोडायचं, कुठं श्वास घ्यायचा, हे घोटून घ्यायचा. तुमच्या ताईंनी जे केलं ते भाव्यांच्या काळातल्या नटांनी केलं होतं, आणि तुम्हाला जे हवं होतं ते देवलांकडं होतं. दोन्ही रीती आपल्याच मातीतल्या आहेत, फक्त त्यांना भेटायला जागा लागते. ती जागा म्हणजे तालीम.

आता मी काय करतो ते सांगतो. दहा-बारा मिनिटांच्या फिल्मला तीन वाचनं, चार तालमी आणि मग दोन दिवसांचं शूटिंग.

पहिलं वाचन लेखकानं करायचं, एकट्यानं, सगळं, सूचनांसकट. कुणी अभिनय करायचा नाही. जवळ मोबाइलचं स्टॉपवॉच चालू ठेवायचं. पटकथेचं एक पान म्हणजे एक मिनिट, हा हिशेब ठरावीक मांडणीत टाइप केलेल्या इंग्रजी पटकथेवरून आलाय. आपण मराठीत, त्यातही नाटकाच्या सवयीनं लिहितो, तेव्हा तो जुळत नाही. ‘ती परसदारी जाते, बंब पेटवते’ ही अर्धी ओळ पडद्यावर चाळीस सेकंद खाते आणि पाऊण पानाची खडाजंगी वीस सेकंदांत संपते. म्हणून न बोलता घडणाऱ्या गोष्टी वाचताना तेवढा वेळ गप्प बसायचं. लेखकाला तिथंच कळतं की आपली बारा मिनिटांची गोष्ट एकोणीस मिनिटांची आहे.

दुसऱ्या वाचनाला नट बसतात. हातात पेन्सिल, अभिनय नाही. वाक्य बदलायला या दिवशी बंदी, प्रश्न विचारायला पूर्ण मोकळीक. ‘ही बाई हे आत्ताच का बोलते? काल का नाही बोलली?’ असा प्रश्न नटानं विचारला आणि लेखकाकडं उत्तर नसलं, तर तिथं खूण करायची. उत्तर लगेच द्यायचं नाही. घरी जाऊन लिहायचं. तिसरं वाचन त्या दुरुस्त खर्ड्याचं.

या वाचनांच्या आधी एक छोटं काम तिघांनी वेगवेगळं करायचं, एकमेकांना न दाखवता. एका कागदावर एकच वाक्य लिहायचं: मुख्य पात्र काय लपवतंय? मग तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचे. मी हे कितीतरी वेळा केलंय आणि पहिल्या खेपेला तिघांचं वाक्य एकसारखं आलेलं मला आठवत नाही. एकदा लेखकानं लिहिलं, ‘त्याला बापाचा राग लपवायचाय.’ नटानं लिहिलं, ‘आपण शहरात कामावरून निघालोय हे लपवायचंय.’ दिग्दर्शकानं लिहिलं, ‘तो काहीच लपवत नाही, थकलाय.’ या तीन वेगवेगळ्या फिल्मा आहेत. ती तफावत टेबलावर सापडली तर तासाभराची चर्चा होते. सेटवर सापडली तर माणसं दुखावतात. तुमच्या शेवटाचं बहुतेक हेच झालं असणार. मित्राच्या डोक्यात पहिल्यापासून वेगळी गोष्ट होती, ती शेवटच्या दृश्यात बाहेर आली.

तालीम शक्यतो खऱ्या जागी करा. एक प्रसंग सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे.

कृष्णाकाठच्या एका जुन्या घरात आम्ही शूट करणार होतो. सांगलीनं २००५, २०१९ आणि २०२१ असे महापूर पाहिलेत. त्या घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसत होती, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, खाली भिंत मळकट, वर जुना निळा रंग. गोष्ट अशी होती: मुलगा पुण्याहून आलाय, घर विकून टाकू म्हणतोय, आणि आई नाही म्हणतेय. लेखकानं आईला फार सुंदर भाषण लिहून दिलं होतं. नदी, माहेर, सासर, पाणी येतं आणि जातं, सगळं त्यात होतं. वाचनात आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आईचं काम करणाऱ्या बाई स्वतः पूरपट्ट्यातल्या. तालमीला त्या घरात आल्या. मी एवढंच सांगितलं होतं की मुलगा बोलत असताना तुम्ही फराळाचे डबे आवरताय. त्यांनी डबे उचलले आणि एकेक करून वरच्या फळीवर ठेवायला लागल्या, टाचा उंचावून, पदर खोचून. खालचं कपाट रिकामं होतं. मी म्हटलं, मावशी, खालच्या कपाटात ठेवा, फ्रेमला बरं पडेल. त्या माझ्याकडं बघून सहज म्हणाल्या, ‘खाली कोण ठेवतंय? पाणी आल्यावर?’

लेखक कोपऱ्यात वही घेऊन बसला होता. त्यानं मान वर केली. आम्ही पुन्हा तालीम केली. आई डबे वर चढवतेय, मुलगा मागून बोलतोय. मधेच तो एक डबा घेतो आणि न बघता खालच्या कपाटात ठेवतो. आई काही बोलत नाही. तो डबा काढते आणि वर ठेवते. त्या रात्री लेखकानं भाषणाच्या अकरा ओळी काढून टाकल्या. त्यानं स्वतः, माझ्या सांगण्यावरून नाही. शिल्लक राहिलं एक वाक्य: ‘तुझं ठेवायचं ध्यान सुटलं रं.’ हे वाक्य त्याचं होतं, तालमीतलं नव्हतं. ते सुचायला मात्र त्या बाईंच्या टाचा उंचावलेल्या त्याला दिसायला हव्या होत्या.

इथं तिघांची कामं नीट वेगळी दिसतात. नटानं जगण्यातली खरी गोष्ट आणली. दिग्दर्शकानं ती ओळखली आणि चुकीची सूचना मागं घेतली. लेखकानं तिचा अर्थ लावला आणि गोष्टीत बसवली. बाई डबे वर ठेवत राहिल्या असत्या आणि त्याच्यावर ते अकरा ओळींचं भाषणही राहिलं असतं, तर दोन्ही वाया गेलं असतं. लेखक तालमीला नसता तर नेमकं तेच झालं असतं. त्यामुळं माझा हट्ट असतो, लेखकानं तालमीला यायचंच. गाडीखर्च द्यावा लागला तरी द्या.

भाषेबद्दल थोडं, कारण तुमच्या ताईंनी संवाद बदलले त्यामागं हे असू शकतं. आपल्याकडचे बरेच लेखक बोलतात एक आणि लिहितात दुसरं. संहितेत ‘तू जेवलास का?’ असतं आणि नटाच्या तोंडात येतं ‘जेवलास का न्हाईस?’ हा बदल नटाला करू द्यावा. पण आपल्या जिल्ह्यातही बोली एक नाही. जतकडं कानडीचा हेल येतो, आटपाडीकडं माणदेशी ढंग, वारणाकाठचा माणूस आणखी निराळा. एका घरातली माय-लेकरं दोन तालुक्यांचं बोलायला लागली की प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण विश्वास उडतो. म्हणून पात्र कुठल्या गावचं हे लेखकानं ठरवावं, त्या गावचं बोलणं नटानं आणावं, आणि सगळ्यांचं एकाच गावचं आहे ना हे दिग्दर्शकानं ऐकावं. वाक्याचा अर्थ किंवा त्यातली माहिती बदलत असेल तर तो बोलीचा बदल नव्हे. तो लेखकाकडं परत जायला हवा.

नाटकातल्या नटांच्या आवाजाची अडचण सगळ्यांना माहीत असते, पण ती सांगायची रीत चुकते. भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायला शिकलेल्या माणसाला ‘ताई, ओव्हर होतंय’ असं सगळ्या युनिटसमोर म्हटलं की तो माणूस मिटतो. मग तो कमी करत नाही, नुसता कोरडा होतो. मी तालमीत त्यांच्या हाताला काम देतो. मेथीची जुडी निवडता निवडता संवाद म्हणायचे, समोरचा नट हातभर अंतरावर. हात गुंतले की आवाज आपोआप खाली येतो आणि चेहऱ्यावरचा ताण जातो. शिवाय प्रत्येक शॉटला नटाला फ्रेम कुठून कुठपर्यंत आहे ते स्पष्ट सांगावं. कमरेपर्यंत आहे की नुसता चेहरा, हे कळलं की जाणता नट स्वतःच मोजून देतो. त्याचं अंतर्मन त्याचं त्याला ठाऊक असतं, फ्रेम मात्र आपण सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही.

आणखी एक गोष्ट नाटकवाल्यांना जड जाते. शूटिंग क्रमानं होत नाही. सकाळी शेवटचं दृश्य, दुपारी पहिलं. नाटकात पहिल्या अंकाचा वेग नटाला तिसऱ्या अंकात घेऊन जातो, इथं तो आधार नसतो. चार तालमींपैकी शेवटची मी सलग, पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत, न थांबता घेतो. त्या दिवशी कॅमेरामनलाही बोलावतो. नटाच्या अंगात पूर्ण आलेख एकदा उतरला की मग कुठलंही दृश्य आधी घेतलं तरी चालतं.

शेवटच्या तालमीनंतर संहिता बंद. पानांवर तारीख टाकायची आणि तीच प्रत सगळ्यांकडं द्यायची, जुनी फाडून टाकायची. यानंतर सेटवर नटाशी कामाबद्दल एकच माणूस बोलतो, दिग्दर्शक. लेखकाला काही खटकलं तर त्यानं दिग्दर्शकाला बाजूला घेऊन सांगायचं किंवा चिठ्ठी द्यायची. कॅमेरामननंही तसंच. नटाला तीन तोंडांनी तीन सूचना आल्या की तो चौथंच काहीतरी करतो. दुसरीकडं, नटाला एखादं वाक्य ऐन वेळी तोंडात बसत नसेल तर त्यानं तसं म्हणावं आणि थांबावं, परस्पर फिरवू नये. लेखकानं सेटवर नुसतं बसून राहू नये असं माझं मत आहे. मॉनिटरमागं बसलेला लेखक प्रत्येक टेकला ओठ हलवतो आणि ते नटाला दिसतं. त्यापेक्षा त्याला कंटिन्युइटीची वही द्या. कप कुठल्या हातात होता, पदर कुठल्या खांद्यावर, घड्याळात किती वाजले होते. संहिता त्याच्याइतकी कुणाला पाठ नसते.

सेटवर बदल करावेच लागतात, ते मी नाकारत नाही. नोव्हेंबर ते मार्च आपल्याकडं साखर कारखान्यांचा हंगाम असतो. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, टेपवर गाणं लावून, दर दहा मिनिटांनी रस्त्यानं जातो. एकदा हळदीच्या शेतात आमचं तीन मिनिटांचं सलग संभाषण होतं आणि तीन मिनिटांची शांतता त्या रस्त्याला मिळेना. ऊन चाललेलं. मी लेखकाला विचारलं, यातली कुठली दोन वाक्यं राहिली तर गोष्ट राहते? त्यानं दोन मिनिटांत खुणा करून दिल्या आणि आम्ही दोन तुकड्यांत घेतलं. वाचनं आणि तालमी झालेल्या असतात तेव्हा असं लवकर ठरतं, कारण कशासाठी काय आहे हे सगळ्यांना माहीत असतं. जाता जाता, प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभर त्या जागेचा नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवा. एडिटिंगला दोन तुकडे जोडताना तोच उपयोगी पडतो.

शेवट बदलण्याबद्दल. हे मी स्वतः केलंय, म्हणून बोलायचा हक्क आहे. माझ्या सुरुवातीच्या एका फिल्ममध्ये एडिटिंगच्या टेबलावर मी शेवटचं दृश्यच काढलं. फिल्म त्यानं चांगली झाली, आजही मला तसंच वाटतं. पण लेखकाला सांगितलं नाही. तो घरच्यांना घेऊन फिल्म बघायला आला होता. दिवे लागल्यावर त्यानं माझं अभिनंदन केलं आणि गेला. त्यानंतर त्यानं माझ्यासाठी कधी लिहिलं नाही. त्याच्यासारखं लिहिणारा मला पुढं चार वर्षं मिळाला नाही. एक फोन केला असता तर तो भांडला असता, कदाचित मानलाही असता, आणि पुढच्या फिल्मला सोबत असता. तेव्हापासून कच्चं एडिटिंग झालं की, संगीत घालण्याआधी, मी लेखकाला शेजारी बसवून दाखवतो. अंतिम शब्द दिग्दर्शकाचाच, पण त्याला आधी कळलेलं असतं. नटांना मात्र कच्चं एडिटिंग मी दाखवत नाही. नट स्वतःलाच बघतो, ते स्वाभाविक आहे.

मैत्रीत कागद कशाला, असं तुम्ही म्हणाल. करा. एक पान पुरे. पैसे कुणालाच मिळणार नसले तरी करा, किंबहुना तेव्हा जास्त करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा-पटकथेचा हक्क मुळात लिहिणाऱ्याचा असतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरती. तुमची फिल्म बाहेरच्या देशातल्या महोत्सवाला गेली तर हा मुद्दा येतो, म्हणून मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा. श्रेय नामावलीत नावं कुठल्या क्रमानं, संहितेत बदल झाले तर नाव कसं द्यायचं, बक्षिसाची रक्कम आली तर वाटणी कशी, हेही त्याच पानावर. दुसऱ्याच्या छापील कथेवर करणार असाल तर लेखक हयात असेपर्यंत आणि गेल्यानंतर साठ वर्षं परवानगी लागते. देवल १९१६ साली गेले, त्यांच्या मूळ लेखनाला आता कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या भागातल्या मुलांनी तिकडं जरूर बघावं. त्या संवादांना अजून धार आहे.

आता तुमच्या तिघांबद्दल. दुसरी फिल्म सुरू करण्याआधी पहिलीचं एक काम राहिलंय. तिघांनी मिळून ती एकदा बघा, हातात तुमची मूळ संहिता घेऊन. ताईंनी बदललेली वाक्यं एकेक करून तपासा. त्यातली जी तुम्हाला लेखक म्हणून मनापासून चांगली वाटतात, ती त्यांची आहेत असं त्यांना सांगा, आणि ती बरीच असतील तर श्रेय नामावलीत ‘संवाद’ या पाटीखाली तुमच्या नावाखाली त्यांचं नाव घाला. मित्रानं शेवट का बदलला हे त्याला विचारा आणि तो सांगेपर्यंत मधे बोलू नका. त्याचं कारण पटलं नाही तरी तुमचा मूळ शेवट एडिटिंगमध्ये एकदा लावून बघा, तो शूट झाला असेल तर. नामावलीची पाटी बदलायला अर्ध्या तासाचं काम आहे. ते झालं की नव्या गोष्टीच्या पहिल्या वाचनाची तारीख धरा. सांगलीत कुठं जमणार असाल तर कळवा, मी ऐकायला येईन. मागं बसेन, बोलणार नाही.